पार्किन्सन्स आणि कॅन्सर: जनुकांचं नातं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या एका कोपऱ्यातल्या पेशी वेळेआधी मरतात. कॅन्सरमध्ये पेशी मरायचं नावच घेत नाहीत. दोन आजार दोन टोकांना बसलेले, तरी जनुकांच्या यादीत तीच ती नावं दोन्हीकडे सापडतात. रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. काही लांबली आहेत, कारण मुद्दाच तसा गुंत्याचा आहे. काहींना दोन ओळी पुरल्या.

पार्किन्सन्स असलेल्यांना कॅन्सर कमी होतो असं ऐकलं. खरं आहे का?

एकूण आकडा पाहिला तर बऱ्याच अभ्यासांत तसं दिसतं. २०१० मध्ये २९ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा पार्किन्सन्सच्या रुग्णांत कॅन्सरचा एकूण धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी निघाला. डेन्मार्कमधल्या १४ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत ही घट १२ टक्क्यांच्या आसपास होती. फुप्फुस, मूत्राशय अशा तंबाखूशी जोडलेल्या कॅन्सरमध्ये ती सर्वांत ठळक दिसते.

पण हे चित्र सगळीकडे सारखं नाही. तैवानमध्ये ६२ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने उलटंच सांगितलं: तपासलेल्या १९ प्रकारांपैकी १६ प्रकारच्या कॅन्सरचा धोका पार्किन्सन्सच्या रुग्णांत जास्त. त्यामुळे ‘पार्किन्सन्स झाला म्हणजे कॅन्सरपासून सुटका’ असं कोणी सांगितलं, तर ते कानाआड करा.

मग ही घट येते कुठून? पार्किन्सन्स खरंच कॅन्सर अडवतो का?

सर्वांत साधं कारण सिगारेटमध्ये आहे. धूम्रपान करणाऱ्यांत पार्किन्सन्स कमी आढळतो, ही गेल्या कित्येक दशकांत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट आहे. म्हणजेच पार्किन्सन्सच्या रुग्णांत आयुष्यभर धूम्रपान केलेली माणसं मुळातच कमी, आणि म्हणून फुप्फुसाचा कॅन्सरही कमी. (यावरून सिगारेट सुरू करायचा विचार कोणाच्या मनात आलाच, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचे आकडे आधी पाहावेत.)

दुसरं कारण मोजणीतलं आहे. पार्किन्सन्स बहुधा साठीनंतर येतो. जो माणूस पन्नाशीत कॅन्सरने गेला, त्याला पार्किन्सन्स व्हायला वेळच मिळाला नाही, आणि तो या हिशेबात कधी आलाच नाही. शिवाय खूप थकलेल्या रुग्णाच्या कॅन्सरच्या तपासण्या डॉक्टर आणि घरचे दोघंही टाळतात. न शोधलेला कॅन्सर नोंदीत कसा येणार?

हे सगळं बाजूला काढल्यावरही, धूम्रपानाशी संबंध नसलेल्या काही कॅन्सरमध्ये थोडी घट उरतेच. संशोधकांना रस आहे तो या उरलेल्या भागात, आणि जनुकांचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

एकच जनुक पेशीला मारतंही आणि वाढवतंही, हे कसं?

सगळ्या पानाचं मर्म या एका उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेंदूतली चेतापेशी एकदा तयार झाली की पुन्हा विभागत नाही. त्वचेची, आतड्याची, रक्ताची पेशी मात्र आयुष्यभर विभागत राहते. विभागणीचा हुकूम देणारी प्रथिनं दोन्हीकडे आहेत. विभागणाऱ्या पेशीत असं प्रथिन साचलं की ती जास्त वेळा विभागते. चेतापेशीत तेच साचलं, तर जिला विभागताच येत नाही तिला ‘चल, विभागून दोन हो’ असा हुकूम मिळतो. त्या ओढाताणीत ती मरणाचा रस्ता धरते.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे पार्किन. हे जनुक १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. आईवडील दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत मिळाली तर पार्किन्सन्स फार लवकर, पुष्कळदा चाळिशीच्या आतच सुरू होतो. पार्किनचं काम सफाई कामगाराचं. नको असलेल्या प्रथिनांवर ते खूण करतं, आणि खूण झालेलं प्रथिन पेशी मोडून टाकते. ज्या प्रथिनांवर पार्किन अशी खूण करतं त्यांत सायक्लिन ई आहे, आणि सायक्लिन ई हे पेशीला विभागणीकडे ढकलणारं प्रथिन. पार्किन कामावर नसेल तर सायक्लिन ई साचतं. चेतापेशीत त्याचा शेवट मृत्यूत होतो, तर विभागणाऱ्या पेशीत बेलगाम वाढीत.

पार्किनचं आणखी एक काम पिंक१ या जोडीदारासोबत चालतं. पेशीतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, खराब झाली की पिंक१ ते ओळखतं आणि पार्किनला बोलावतं. मग ती खराब केंद्रं मोडीत निघतात. ही सफाई थांबली की पेशीत हानिकारक ऑक्सिजन-संयुगं वाढतात. चेतापेशी त्यांनी खचते. विभागणाऱ्या पेशीत त्याच संयुगांमुळे डीएनएवर घाव पडतात, आणि असे घाव साचत जाणं ही कॅन्सरची पहिली पायरी असू शकते.

पार्किन कॅन्सरमध्ये खरोखर बिघडलेलं सापडतं का, की हा नुसता तर्क आहे?

सापडतं. पार्किन हे माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक. ते सहाव्या गुणसूत्रावर अशा जागी बसलं आहे जी सहज तुटते. अशा ‘ठिसूळ जागा’ गुणसूत्रांवर ठिकठिकाणी असतात आणि कॅन्सरच्या पेशींत त्या वारंवार मोडतात. स्तन, अंडाशय, फुप्फुस, मोठं आतडं यांच्या गाठींत पार्किनचे तुकडे गळालेले आढळले आहेत. २०१० मध्ये ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठींतही त्यात बिघाड सापडले, आणि पार्किन्सन्समध्ये जे भाग बिघडतात तेच इथेही बिघडलेले होते. पार्किन काढून टाकलेल्या उंदरांत यकृताच्या गाठी झाल्याचीही नोंद आहे.

ठिसूळ जागी बसलेलं जनुक कॅन्सरमध्ये तुटलं, एवढ्यावरून ते कॅन्सरचं कारण ठरत नाही. भिंत पडली की तिच्यावरचा फोटोही पडतो. दोष फोटोचा नसतो. पण सायक्लिन ईची साखळी आणि उंदरांतले प्रयोग एकत्र धरले, तर पार्किन गाठींना आवर घालतं असं म्हणायला चांगला आधार आहे.

माझ्या गाठीच्या जनुकीय रिपोर्टमध्ये पार्किनचं नाव आलं आहे. म्हणजे मला पार्किन्सन्स होणार?

नाही. गाठीतला बिघाड बहुतेक वेळा त्या गाठीपुरताच असतो. तो आयुष्यात पुढे कधीतरी त्या एका पेशीत झाला आणि तिच्या वंशात उतरला. मेंदूतल्या पेशींना त्याचा पत्ताही नसतो. आईवडिलांकडून आलेला बिघाड मात्र शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा बदल गाठीतला की जन्मजात? रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यातही तोच बदल सापडला तरच पुढचं बोलणं.

मेलॅनोमाचं नाव या विषयात सारखं का येतं?

कारण इथे आकड्यांची दिशा पूर्ण फिरते. मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. बाकीचे बरेच कॅन्सर पार्किन्सन्समध्ये कमी दिसतात, पण हा मात्र जास्त दिसतो. २०११ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात धोका सुमारे दुप्पट निघाला. अमेरिकेत २,१०६ रुग्णांची त्वचा पद्धतशीर तपासली, तेव्हा २४ जणांना मेलॅनोमा आढळला. त्यांतले २० अगदी सुरुवातीच्या टप्प्यात होते.

खरी गंमत अशी की नातं दोन्ही बाजूंनी चालतं. अमेरिकेतल्याच २०१७ मधल्या एका अभ्यासात, पार्किन्सन्स असलेल्यांत आधी मेलॅनोमा होऊन गेल्याचं प्रमाण सुमारे चौपट होतं, आणि मेलॅनोमा झालेल्यांत पुढे पार्किन्सन्स होण्याचा धोकाही सुमारे चौपट. युटा राज्यातल्या वंशावळींच्या नोंदींत तर पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या नातेवाइकांतही मेलॅनोमा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त दिसला. काही नातेवाईक दूरचे, वेगळ्या घरात राहणारे. तेव्हा सगळा दोष राहणीमानाला देता येत नाही. २०२० मध्ये दोन्ही आजारांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना झाली आणि त्यांच्या जनुकीय घडणीत सामाईक भाग असल्याचं दिसलं.

त्वचा आणि मेंदू यांचा काय संबंध?

रंगाचा. पार्किन्सन्समध्ये मरणाऱ्या पेशी मेंदूच्या ज्या भागात असतात त्याचं नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे ‘काळा पदार्थ’. मेंदू कापून पाहिला तर हा पट्टा नुसत्या डोळ्यांनाही गडद दिसतो, कारण त्यात न्यूरोमेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असतं. पार्किन्सन्सच्या रुग्णात हा पट्टा फिका पडलेला असतो.

त्वचेला रंग देणारं मेलॅनिन आणि मेंदूतल्या त्या मरणाऱ्या पेशी बनवतात ते संदेशवाहक रसायन डोपामिन, दोन्हींची सुरुवात टायरोसिन या एकाच अमिनो आम्लापासून होते. दोन्ही वाटा डोपा या टप्प्यापर्यंत सोबत येतात आणि तिथे फुटतात: एक मेलॅनिनकडे जाते, दुसरी डोपामिनकडे, आणि डोपामिनपासून पुढे न्यूरोमेलॅनिन बनतं. शिवाय दोन्ही प्रकारच्या पेशी गर्भाच्या एकाच थरातून घडतात.

त्यात भर अल्फा-सिन्यूक्लिनची. पार्किन्सन्समध्ये चेतापेशींत ज्याचे गोळे साचतात ते हे प्रथिन. १९९७ मध्ये याच्याच जनुकात इटली आणि ग्रीसमधल्या घराण्यांत बिघाड सापडला, आणि पार्किन्सन्स जनुकामुळे होऊ शकतो हे पहिल्यांदा सिद्ध झालं. तेच प्रथिन मेलॅनोमाच्या पेशींतही भरपूर सापडतं. मेंदूत ते जीवघेणं ठरतं, तर मेलॅनोमाच्या पेशींना टिकून राहायला ते मदत करत असावं, असं प्रयोगशाळेतल्या कामातून दिसतं.

लेव्होडोपा घेतल्याने मेलॅनोमा होतो का? औषधाच्या कागदावर तसा इशारा वाचला.

हा इशारा १९७० च्या दशकातल्या मोजक्या रुग्णांच्या नोंदींवरून आला. तर्क सरळ होता: मेलॅनिन डोपापासून बनतं, आणि लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध म्हणजे बाहेरून दिलेला डोपाच. पण नंतर मोठ्या संख्येने रुग्ण तपासले तेव्हा दिसलं की पुष्कळांना मेलॅनोमा लेव्होडोपा सुरू होण्याआधी, एवढंच काय, पार्किन्सन्सचं निदान होण्याआधीच झालेला होता. गोळी घशाखाली जायच्या आधी झालेल्या आजाराचं खापर गोळीवर कसं फोडणार?

इशारा कागदावर राहिला आहे, आणि राहू दे, कारण त्यामुळे त्वचा तपासली जाते. पण या भीतीने लेव्होडोपा मनाने बंद करणं घातक आहे. तो अचानक थांबवला तर ताप आणि अंग ताठरणं अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते.

माझी त्वचा सावळी आहे. मलाही त्वचा तपासून घ्यायला हवी का?

गडद त्वचेत मेलॅनोमा खूपच कमी होतो, पण झाला तर अनपेक्षित जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. म्हणून तो उशिरा लक्षात येतो. तिळाचे दोन भाग एकमेकांसारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसणं, आकार वाढत जाणं, नखाखाली नवी गडद उभी रेघ उमटणं, किंवा तळपायाची जखम भरून न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पार्किन्सन्समुळे वाकून तळपाय बघणं जमत नसेल, तर घरातल्या कोणाला तरी महिन्यातून एकदा बघायला सांगा.

एलआरआरके२ जनुकाबद्दल बरंच वाचायला मिळतं. त्याचा कॅन्सरशी संबंध आहे?

हे जनुक २००४ मध्ये ओळखलं गेलं. त्यातला जी२०१९एस हा बदल अश्केनाझी (मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यू आणि उत्तर आफ्रिकेतल्या अरब-बर्बर लोकांत विशेष आढळतो, आशियात तो फार विरळ. एलआरआरके२ हे एन्झाइम आहे आणि हा बदल त्याला गरजेपेक्षा जास्त कामाला लावतो. पेशींना संकेत देणारी अशी एन्झाइमं वाजवीपेक्षा जोरात चालणं कॅन्सरमध्येही नेहमीचंच, त्यामुळे शंका आधीपासून होती. २०१५ मध्ये अनेक केंद्रांतल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा हा बदल असलेल्यांत त्वचेखेरीज इतर कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं, आणि स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचं विशेष.

म्हणजे ‘पार्किन्सन्समध्ये कॅन्सर कमी’ हे वाक्य या गटाला लागू करता येत नाही. माझ्या मते साऱ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. आपण पार्किन्सन्सला एक आजार म्हणतो, पण जनुकांच्या बाजूने पाहिलं तर एकाच नावाखाली वेगवेगळे आजार नांदतात. सगळ्यांची सरासरी काढली की कोणाचंच खरं चित्र दिसत नाही.

जीबीए१ चं काय?

या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर गॉशे हा पेशींत स्निग्ध पदार्थ साचण्याचा आजार होतो. एकच सदोष असेल तर गॉशे होत नाही, पण पार्किन्सन्सचा धोका वाढतो, आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांत सर्वाधिक आढळणारा जनुकीय धोका हाच आहे. गॉशेच्या रुग्णांत मल्टिपल मायलोमा हा रक्ताशी संबंधित कॅन्सर जास्त दिसतो. हा धोका दोन्ही प्रती सदोष असलेल्यांचा आहे. एक प्रत असलेल्यांनी तो आपल्या डोक्यावर घेऊ नये.

डीजे-१ आधी कॅन्सरचं जनुक म्हणून सापडलं, हे खरं?

हो. १९९७ मध्ये ते कॅन्सरला हातभार लावणारं जनुक म्हणून ओळखलं गेलं. २००३ मध्ये कळलं की तेच बंद पडलं तर कमी वयात पार्किन्सन्स होतो. डीजे-१ पेशीला ताणातून जगवतं. ते अति झालं की गाठीच्या पेशींना फायदा, अजिबात नसलं की चेतापेशींचा तोटा. पार्किनच्या उलट दिशा: पार्किन कमी होणं दोन्ही आजारांना पोषक, तर डीजे-१ कमी होणं एकाला आणि जास्त होणं दुसऱ्याला.

वडिलांना पार्किन्सन्स आहे. मी आणि माझ्या मुलांनी जनुकीय तपासणी करावी का?

बहुतेकांना गरज नसते. पार्किन्सन्सच्या बहुसंख्य रुग्णांत एकच असं जनुक सापडत नाही. अनेक जनुकांचे लहान लहान वाटे, वय आणि परिसर यांची ती गोळाबेरीज असते. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात धोक्याशी जोडलेल्या तब्बल ९० जागा सापडल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा एकेकटीचा परिणाम अगदी थोडा.

आजार चाळिशी-पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल, घरात दोन-तीन जणांना असेल, किंवा आईवडील एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक असतील, तर विचार करायला हरकत नाही. पण आधी जनुकीय समुपदेशन घ्या, मग नमुना द्या. एलआरआरके२ चा बदल असूनही आयुष्यभर पार्किन्सन्स न होणारे बरेच असतात. ऐंशीपर्यंत तो होण्याचे अंदाज वेगवेगळ्या अभ्यासांत पाव हिश्शापासून पाऊण हिश्शापर्यंत जातात. अशा उत्तराचं तुम्ही पुढे काय करणार, हे आधी ठरवलेलं बरं.

घरी मागवायच्या लाळेच्या तपासण्यांना अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये पार्किन्सन्ससाठी परवानगी दिली, पण त्या एलआरआरके२ आणि जीबीए१ मधला एकेकच बदल पाहत. तिथे ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ त्या दोन जागी काही सापडलं नाही, एवढाच.

बीआरसीए जनुकांमुळे पार्किन्सन्स होतो का?

नाही, पार्किन्सन्सच्या ज्ञात जनुकांत त्यांचं नाव नाही. घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर ती तपासणी त्या कारणासाठी करा. दोन्ही विषय वेगळे ठेवा.

कॅन्सरचं औषध पार्किन्सन्सवर चालेल का?

निलोटिनिबबाबत ही आशा फार होती. ते रक्ताच्या एका कॅन्सरचं औषध. ते एबीएल या एन्झाइमला रोखतं, आणि तेच एन्झाइम पार्किनला निकामी करतं असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. पण रुग्णांवरच्या नियंत्रित चाचणीत फायदा दिसला नाही आणि औषध मेंदूत पोहोचलंही फार थोडं. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं हे औषध पार्किन्सन्ससाठी स्वतःहून घेण्यात काहीच अर्थ नाही. एलआरआरके२ ला थोपवणाऱ्या औषधांवरही काम चालू आहे.

दोन्ही आजार एकदमच असतील तर कशाची काळजी घ्यायची?

केमोथेरपीत मळमळीसाठी बऱ्याचदा मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन देतात. ही औषधं मेंदूतलं डोपामिन अडवतात आणि पार्किन्सन्स एकदम बिघडवू शकतात. ऑन्डान्सेट्रॉन साधारणपणे चालतं, पण पार्किन्सन्ससाठी अपोमॉर्फिनचं इंजेक्शन घेत असाल तर त्यासोबत तेही नको, रक्तदाब धोकादायक पातळीला उतरू शकतो. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन हे पार्किन्सन्सचं औषध चालू असेल तर पेथिडिन आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांबद्दल आधी सांगा. शस्त्रक्रियेच्या दिवशी लेव्होडोपाच्या वेळा कशा पाळायच्या, हे भूलतज्ज्ञांशी आदल्या दिवशीच बोलून घ्या. कॅन्सरचे आणि मेंदूचे डॉक्टर एकमेकांशी आपोआप बोलतील असं धरून चालू नका. सगळ्या औषधांची यादी खिशात ठेवा.

पार्किन्सन्स असताना कॅन्सरच्या नेहमीच्या तपासण्या सोडून दिल्या तर चालतील?

नाही. आणि याचं एक कारण सहसा कोणी सांगत नाही. बद्धकोष्ठ, वजन उतरणं, थकवा ही पार्किन्सन्सची नेहमीची लक्षणं असतात, त्यामुळे प्रत्येक नवी तक्रार त्याच्याच नावावर खपून जाते. वर्षानुवर्षं असलेलं बद्धकोष्ठ अचानक वाढलं, शौचात रक्त दिसलं, खाणं तेवढंच असून वजन भराभर उतरलं, तर ‘हे पार्किन्सन्सचंच’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हे दुसरं काही असू शकतं का?